नाटकासाठी उंबरठ्याबाहेर

मागच्या महिन्यात अकोल्याहून ताईचा फोन आला. आवाज अगदी रडवेला. माझी भाची कॉलेजपासून नाटक करते. युवा महोत्सव झाले, एकांकिका झाल्या, राज्य नाट्य स्पर्धाही झाली. आता तिला परदेशातल्या एका रेसिडेन्सीसाठी अर्ज करायचा होता. म्हणजे निरनिराळ्या देशांतल्या तरुण नाटकवाल्यांनी दोन-तीन महिने एकत्र राहायचं, एकमेकांचं शिकायचं आणि काहीतरी नवं उभं करायचं. भाऊजींनी साफ नाही म्हटलं. नाटकच करायचं तर अकोल्यात कर, त्यासाठी साता समुद्रापार कशाला, हा त्यांचा सवाल. पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती.

मी बडनेऱ्याला गाडी धरली. मूर्तिजापूर येईस्तोवर डोक्यात एकच, भाऊजींना सांगायचं काय? आणि एकदम आठवल्या कमलादेवी चट्टोपाध्याय. हस्तकलेच्या कमलादेवी आपल्याला ऐकून माहीत असतात. नाटकाच्या कमलादेवी मात्र आपण पार विसरलोय.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १९०३ चा, मंगळूरच्या कोकणी बोलणाऱ्या सारस्वत घरातला. वडील मोठे सरकारी अधिकारी. कमला सात वर्षांची असताना ते गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं, त्यामुळे सगळी मालमत्ता सावत्र भावाकडे गेली. बाईला घरात हक्क नसतो म्हणजे काय, हे त्या वयातच तिला कळलं. चौदाव्या वर्षी लग्न झालं आणि दोन वर्षांत वैधव्य आलं. आपल्या आजीच्या पिढीतल्या किती बायांचं आयुष्य इथेच संपलं! कमलादेवींचं नाही संपलं. त्या मद्रासला शिकल्या. तिथे सरोजिनी नायडूंचे धाकटे भाऊ हरींद्रनाथ भेटले. ते कवी, नट, नाटककार. एका विधवेनं परप्रांतीयाशी लग्न केलं म्हणून केवढा गहजब झाला असेल, तुम्हीच विचार करा.

पुढे दोघांनी मिळून नाटकं केली. तो काळ आपल्याकडे बालगंधर्वांचा. रंगमंचावरची नायिकासुद्धा पुरुषच! चांगल्या घरच्या बाईनं तोंडाला रंग लावणं म्हणजे घराण्याची अब्रू गेली. अशा काळात कमलादेवी रंगमंचावर उभ्या राहिल्या. १९३१ साली मूकपटातही दिसल्या.

मधल्या काळात त्या लंडनला जाऊन समाजशास्त्र शिकून आल्या होत्या. परत आल्या त्या गांधीजींच्या चळवळीसाठी. १९२६ साली मद्रास विधिमंडळाची निवडणूक लढवली आणि थोडक्या मतांनी हरल्या. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तिच्या कामाची धुरा त्यांच्याकडे होती. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात आधी बायकांना जागा नव्हती. कमलादेवींनी गांधीजींशी वाद घालून ती मिळवली, मुंबईत मीठ विकलं आणि तुरुंगात गेल्या. पुढे संसार मोडला, घटस्फोट झाला. पदरात एक मुलगा. रडत बसल्या नाहीत.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी भारतीय नाट्य संघ उभा केला. युनेस्कोच्या पुढाकारानं १९४८ साली प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय नाट्य संस्था निघाली होती. वेगवेगळ्या देशांच्या नाटकवाल्यांनी एकमेकांकडे जावं-यावं, हाच तिचा उद्देश. आपण २७ मार्चला जागतिक रंगभूमी दिन साजरा करतो ना, तोही याच संस्थेनं १९६२ पासून सुरू केलेला. कमलादेवींनी आपला नाट्य संघ या संस्थेशी जोडला. १९५८ च्या जानेवारीत युनेस्कोच्या मदतीनं संघानं दिल्लीत आशियाई नाट्य संस्था काढली. तीच पुढे १९५९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात सामील झाली. आपल्या रोहिणी हट्टंगडी याच विद्यालयात शिकल्या. म्हणजे ज्या एनएसडीची स्वप्नं आपल्या पोरी बघतात, तिच्या पायात या बाईची एक वीट आहे.

मला सगळ्यात भावली ती दुसरीच गोष्ट. लंडन पाहिलेली, इंग्रजीत पुस्तकं लिहिणारी ही बाई केरळात गेली आणि कुडियाट्टम ही संस्कृत नाटकाची जुनी परंपरा शिकायला गुरू माणि माधव चाक्यार यांच्या घरी राहिली. आता मला सांगा, ही रेसिडेन्सी नाही तर काय? गुरूच्या घरी राहून शिकायचं, त्यांच्यातलंच होऊन जायचं. शब्द परका आहे, रीत आपलीच. बाहेरचं घ्यायचं ते आपलं नीट ओळखून, हे त्यांनी स्वतः करून दाखवलं.

१९५२ पासून सुमारे वीस वर्षं त्यांनी हस्तकला मंडळाचं काम पाहिलं. १९६६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २९ ऑक्टोबर १९८८ ला मुंबईत त्या गेल्या.

संध्याकाळी चहा घेताना हे सगळं मी भाऊजींना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मग भाचीनं अर्ज दाखवला. आपल्या मातीतलं तुम्ही काय घेऊन येणार, असा त्यात एक प्रश्न होता. पोरीनं आजोळच्या गावच्या दंडारीबद्दल दोन पानं लिहिली होती. भाऊजींनी ती वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली. लहानपणी त्यांच्या वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी दंडार बघितली होती, हे ताईलाही ठाऊक नव्हतं!

मग मात्र त्यांनी बापाचे प्रश्न विचारले, आणि मैत्रिणींनो, ते आपणही विचारलेच पाहिजेत. तिकिटाचा खर्च कोणाचा? राहायची सोय कुठे, कोणासोबत? बोलावणाऱ्या संस्थेचं पत्र आहे का? आधी तिथे गेलेल्या एखाद्या मुलीशी बोलता येईल का? निवड व्हायच्या आधीच कोणी मोठी रक्कम मागत असेल तर चार हात लांबच राहावं. काळजी जरूर घ्या, पण काळजीच्या नावाखाली दार लावून घेऊ नका.

अर्ज गेलाय. निवड होईल, न होईल. पण पासपोर्टच्या कामाला भाऊजी स्वतः सोबत गेले होते. मला तर एवढ्यातच भरून पावलं.