सोलो नदीच्या काठचा डॉक्टर : यूजेन द्युबुआ

द्युबुआ हे नाव ऐकून तुम्हांला वाटेल की आम्ही एखाद्या फ्रेंच मळेवाल्याची गोष्ट सांगत आहोत. तसे नाही. डॉक्टर यूजेन द्युबुआ हे हॉलंडचे. जावा बेटातील सोलो नदीच्या काठी मिळालेल्या काही हाडांमुळे त्यांचे नाव जगभर झाले, आणि त्याच हाडांमुळे त्यांच्या आयुष्याची शांतीही गेली.

त्यांचा जन्म १८५८ साली आयस्डेन या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते. मुलगा आम्स्टरडॅमला वैद्यकी शिकला आणि तेथेच शरीररचनाशास्त्राचा अध्यापक झाला. चांगली नोकरी, पुढे प्राध्यापक होण्याची आशा, घरी पत्नी आणि लहान मुलगी. हे सर्व सोडून १८८७ साली ते सैन्यातील डॉक्टर म्हणून सुमात्राला निघाले. मित्रांनी त्यांना वेड्यात काढले असेल तर नवल नाही. माणसाचा पूर्वज शोधायचा, हा एकच ध्यास त्यांना लागला होता. वानरे उष्ण प्रदेशात राहतात, तेव्हा माणसाचा पूर्वजही तेथेच मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. हिंदुस्थानातील शिवालिक टेकड्यांत एका प्राचीन वानराचे अवशेष सापडले होते, त्यानेही त्यांना धीर आला. शोधासाठी सरकार पैसा देईना, म्हणून त्यांनी सैन्याची नोकरी पत्करली.

सुमात्रात दिवसा इस्पितळ आणि उरलेल्या वेळी गुहा. ताप आला, मजूर आजारी पडले, आणि हाती लागली ती बहुतेक फार जुनी नसलेली हाडे. पुढे सरकारने त्यांना इस्पितळाच्या कामातून मोकळे केले आणि मदतीला दोन लष्करी हवालदार व सुमारे ५० कैदी मजूर दिले. १८९० साली ते जावाला आले.

जावाच्या लोकांना ही हाडे नवी नव्हती. नदीकाठी मिळणाऱ्या मोठमोठ्या हाडांना ते राक्षसांची हाडे म्हणत. पावसाळ्यात सोलो नदी दुथडी भरून वाहते, मग खोदणे बंद. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्रिनिल गावाजवळ काठाचे थर उघडे पडत. मजूर तेथे थर कापीत खाली जात. अश्मीभूत हाड हातात घेताच कळते. ते काळपट असते आणि ताज्या हाडापेक्षा बरेच जड, कारण त्यात खनिजे भरलेली असतात. पण ते कोणाचे, हे ओळखणे कठीण. पाण्याने घासलेला तुकडा बैलाचा की रेड्याचा, हे सांध्याच्या आकारावरून आणि दातांवरून ठरवावे लागते. त्रिनिलला हत्तीच्या जातीचे प्राणी, रेडे आणि हरणे ढिगाने मिळाली. (आपल्या मॉरिशसच्या रानातील हरणेही डच लोकांनी १६३९ साली जावाहूनच आणलेली. सोलोकाठची ती जुनी हरणे मात्र वेगळ्या, नष्ट झालेल्या जातीची होती.)

१८९१ च्या सप्टेंबरात एक दाढ निघाली आणि ऑक्टोबरात कवटीचा वरचा भाग. कवटी लांबट व बसकी होती आणि भुवयांवर हाडाचा जाड कंगोरा होता. द्युबुआ यांनी प्रथम ती चिंपांझीसारख्या वानराची ठरविली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सुमारे १५ मीटर अंतरावर मांडीचे हाड मिळाले. ते सरळ, थेट माणसासारखे होते. ज्याची मांडी अशी, तो दोन पायांवर ताठ चालणारच. द्युबुआ यांनी कवटीचे माप पुन्हा घेतले. मेंदू वानराच्या मानाने फार मोठा आणि माणसाच्या मानाने लहान ठरला. मग त्यांनी दाढ, कवटी आणि मांडी एकाच प्राण्याची मानली आणि १८९४ साली ग्रंथ छापून त्याला पिथेकँथ्रोपस इरेक्टस, म्हणजे ताठ चालणारा वानरमानव, असे नाव दिले.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कवटी मातीतून वर आली तेव्हा द्युबुआ त्रिनिलला नव्हते. हाडे बांधून त्यांच्याकडे पाठविली जात. ती नेमकी कोठे आणि कोणत्या थरात मिळाली, हे हवालदारांच्या कागदांवरून त्यांना कळे. ती जागा प्रत्यक्ष पाहिली मजुरांनी, आणि मजुरांना कोणी विचारले नाही. त्यांची नावेही शास्त्राच्या पुस्तकांत आली नाहीत. आमचे पूर्वज करारावर या बेटात आले, ते कैदी नव्हते; पण मालकाच्या वहीत हात मोजायचे आणि माणूस विसरायचा, ही रीत आमच्या घरांना ओळखीची आहे.

१८९५ साली द्युबुआ हिंदुस्थानात जाऊन शिवालिकचे जीवाश्म पाहून आले, आणि त्याच वर्षी हाडे घेऊन हॉलंडला परतले. लायडन येथे प्राणिशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांनी ती मांडली. अध्यक्ष होते जर्मनीचे थोर डॉक्टर व्हिर्चो. त्यांनी तो प्राणी वानरच मानला. इंग्लंडमधील काहींनी माणूस म्हटले. काहींनी कवटी आणि मांडी यांची जोडच नाकारली. द्युबुआ गावोगाव हाडे घेऊन फिरले, भांडले. पुढे दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने त्याच कवटीवर मोठा ग्रंथ लिहून कीर्ती मिळविली, हे त्यांच्या मनाला फार लागले. त्यांनी हाडे कुलुपात ठेवली आणि वीस वर्षांहून अधिक काळ कोणाला दाखविली नाहीत. १९२३ साली ते कुलूप उघडले. आमच्या मते हा त्यांचा मोठा दोष. जे दुसऱ्यांच्या हातांनी मिळाले ते असे दडवून ठेवण्याचा हक्क त्यांना नव्हता. १९३० नंतर जावातच तशाच कवट्या मिळाल्या, तरी त्या आपल्या प्राण्याच्या जातीच्या आहेत हे त्यांनी मान्य केले नाही. १६ डिसेंबर १९४० रोजी ते वारले.

कवटीबाबत त्यांचा मुख्य दावा टिकला. ती आज होमो इरेक्टस या प्राचीन मानवजातीची मानली जाते. मांडीबाबत मात्र शंका घेणारेच बहुधा खरे होते. ती पुष्कळ नंतरच्या, आपल्यासारख्या माणसाची असावी असे आता अनेक शास्त्रज्ञांना वाटते. नदी जुना काठ कापते आणि नवा गाळ त्याला लावून ठेवते. त्यामुळे लाखो वर्षांच्या अंतराची हाडे शेजारी येऊ शकतात.

या संग्रहात २८ हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांत एका शिंपल्यावर वाकड्यातिकड्या रेघा कोरलेल्या आहेत, हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्या चार लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच्या आहेत. २०२५ साली डच सरकारने हा सारा संग्रह इंडोनेशियाला परत देण्याचे ठरविले. स्थानिक लोकांच्या इच्छेविरुद्ध ही हाडे नेली गेली, असे चौकशी समितीचे मत पडले.

त्रिनिलला द्युबुआ यांनी लावलेला एक दगड आहे. त्यावर एक बाण, दोन अक्षरे, १७५ मीटर हे अंतर, दिशा आणि १८९१ ते ९३ ही वर्षे एवढेच कोरले आहे. नाव कोणाचेच नाही, द्युबुआ यांचेही नाही.