विंध्य चढून आलेली गाडी : दुसरे तुकोजीराव होळकर

माळव्याचे पठार दक्षिणेकडे जिथे संपते, तिथे विंध्याचा कडा निमाडच्या सखल प्रदेशात उतरतो. महूजवळच्या पाताळपाणीपासून कालाकुंडपर्यंतचा लोहमार्ग याच कड्यावरून जातो. एका बाजूला चोरल नदीची खोल दरी, दुसऱ्या बाजूला कातळ, मध्ये बोगदे आणि पावसाळ्यात गर्जत कोसळणारा धबधबा. दूधसागरच्या घाटातून प्रवास केलेल्या गोमंतकीयाला हे दृश्य परके वाटणार नाही. मात्र दोन्ही मार्गांच्या जन्मकथा निराळ्या आहेत. मुरगावची रेल्वे 1880 च्या दशकात इंग्रज भांडवलावर आणि पोर्तुगीज सरकारच्या हमीवर उभी राहिली. विंध्यातील रेल्वेसाठी पैसा दिला तो एका मराठा संस्थानिकाने, इंदूरच्या दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी.

तुकोजीरावांचा जन्म 1835 चा. 1844 मध्ये बालराजा खंडेराव निपुत्रिक वारल्यावर त्यांना गादीवर बसवण्यात आले आणि 1852 मध्ये राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. अवघ्या पाच वर्षांत कसोटीचा प्रसंग ओढवला. 1 जुलै 1857 रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. हल्लेखोरांत होळकरांचेच सैनिक होते. इंग्रज अधिकारी ड्युरँड शहर सोडून निघून गेला. तुकोजीरावांनी बंडवाल्यांची साथ नाकारली, तरी ड्युरँडच्या मनातील संशय फिटला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने धारच्या किल्ल्याला वेढा घालून तो घेतला आणि पवारांचे संस्थान जप्त झाले. 1860 मध्ये ते आनंदराव पवारांना परत मिळाले. पण बेरसिया परगणा गेला तो गेलाच. शेजारच्या गादीचे असे झालेले तुकोजीरावांनी डोळ्यांदेखत पाहिले होते.

या अनुभवातून त्यांनी घेतलेला धडा त्यांच्या पुढील कारभारात दिसतो. तलवारीचे दिवस सरले होते. आता राज्याचे वजन खजिन्यावर ठरणार होते. माळव्याची अफू आणि कापूस मुंबईच्या बाजारात जात असे. हा माल बैलगाड्यांनी घाट उतरे आणि पावसाळ्यात वाहतूक रखडे. इंदुरात राज्याची कापडगिरणी उभारणाऱ्या या राजाला वाहतुकीचे मोल कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

1870 मध्ये त्यांनी खांडवा ते इंदूर रेल्वेसाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. व्याज ठरले दरसाल साडेचार टक्के. नफा पाच टक्क्यांवर गेल्यास वरकड रकमेचा निम्मा वाटाही होळकरांना मिळणार होता. ज्या सत्तेने त्यांच्या निष्ठेवर संशय घेतला, तीच आता त्यांची ऋणको झाली. या व्यवहाराला दुसरी बाजूही होती. याच मार्गाने महूच्या छावणीत इंग्रजी फौज अधिक वेगाने पोहोचणार होती. राजाने आपल्या पैशाने व्यापाराला दार उघडले, तेव्हा ते पलटणींनाही उघडले गेले.

काम सोपे नव्हते. खांडवा-सनावद टप्पा 1 डिसेंबर 1874 रोजी सुरू झाला. तंजावरच्या मराठी परंपरेतले सर टी. माधवराव त्या काळात इंदूरचे दिवाण होते. नर्मदेवर प्रत्येकी 197 फुटांचे 14 गाळे असलेला पूल बांधावा लागला. 5 ऑक्टोबर 1876 रोजी तो महाराजांच्याच हस्ते खुला झाला. पुढे विंध्याच्या चढणीवर दर 40 फुटांना एक फूट असा चढ घ्यावा लागला. 1878 पर्यंत इंदूर खांडव्याशी जोडले गेले. रूळ मीटरगेजचे, खांडव्याची मुख्य लाइन मात्र रुंद मापाची. त्यामुळे मुंबईला जाणारा माल खांडव्यात एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे.

वाफेच्या गाडीला हा घाट चढताना श्वास लागत असे. पुढच्या इंजिनाच्या जोडीला मागून दुसरे इंजिन रेटा देई, वळणावर धुराचा लोट डब्यांवरून मागे जाई आणि प्रवाशाला खिडकीतून दरी न्याहाळायला भरपूर वेळ मिळे. या प्रवासाची मोहिनी त्या संथपणात होती. डोंगर किती उंच आहे, हे इंजिनाच्या धापेवरून कळत असे.

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने या मार्गापासून दूरच राहिली. धारच्या प्रवाशाला महूपर्यंतचे 33 मैल रस्त्याने काटावे लागत. देवासकरांना इंदूर गाठावे लागे. 1921 मध्ये देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्या सेवेत इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर होते, तेव्हाही त्या गावाला रेल्वे नव्हती. देवासला ती स्वातंत्र्यानंतर लाभली. धारमार्गे जाणाऱ्या इंदूर-दाहोद मार्गाची पायाभरणी तर 2008 मध्ये झाली. खजिन्यात कोटीभर रुपये असणे आणि नसणे यातला फरक या दोन राजधान्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसला.

17 जून 1886 रोजी तुकोजीरावांचे निधन झाले. त्यापूर्वीच त्यांची रेल्वे राजपुताना-माळवा रेल्वेत विलीन होऊन तिच्या नावातून होळकरांचे नाव गेले होते. पुढे वाफेची इंजिने गेली, डिझेलची आली. डिसेंबर 2018 मध्ये पाताळपाणी-कालाकुंड या सुमारे दहा किलोमीटरच्या टप्प्यावर वारसा गाडी सुरू झाली. 2023 मध्ये महूपासून दक्षिणेकडची नियमित मीटरगेज वाहतूक बंद झाली; नवा रुंद मार्ग चढ सौम्य करण्यासाठी वेगळ्या वाटेने नेला जात आहे. घाटातला जुना मार्ग केवळ दृश्यासाठी राखला गेला. कालाकुंडच्या फलाटावर कलाकंदाचे द्रोण घेणाऱ्या हौशी प्रवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, ही दरी त्यांना दाखवणारे रूळ एका सावध राजाच्या साडेचार टक्क्यांच्या हिशेबातून टाकले गेले आहेत.