मोटारीने प्यावी, माणसाने नव्हे

१८९३ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री डेट्रॉइटमधल्या एका स्वयंपाकघरात क्लारा फोर्ड सिंकला जखडलेल्या चिमुकल्या इंजिनात थेंबथेंब पेट्रोल सोडत होती. घरात दीड महिन्याचे मूल. नवरा चाक फिरवत होता आणि इंजिनाला किती पाजायचे, हे तिचा हात ठरवत होता. त्या रात्रीपुरती तीच कार्बोरेटर!

हेन्री फोर्ड मिशिगनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८६३चा. शेतातल्या कष्टांना कंटाळून सोळाव्या वर्षी त्याने शहर गाठले, पण शेतकऱ्याला तो विसरला नाही. १९०८ची त्याची मॉडेल टी खेड्यातल्या कच्च्या रस्त्यांसाठीच उंच बांधलेली होती. बसल्या जागेवरून एक कळ फिरवली की कार्बोरेटरची सुई वरखाली होई आणि इंधन कमीजास्त सुटे. ठिणगी लवकर पडावी की उशिरा, हे स्टिअरिंगखालच्या दांडीवर ठरे.

अल्कोहोल वापरायचे तर या दोन्ही सोयी हव्यातच. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडायचे, ठिणगी थोडी आधी पाडायची. थंडीत मात्र गाडी सुरू करताना घाम फुटे. शिवाय त्या काळी इंधनाची पातळी राखणारा फ्लोट बुचाचा असे आणि त्यावर लाखेचा लेप. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते! मग बूच इंधन पिऊन जड होते, बुडते आणि कार्बोरेटर वाहू लागतो. आपल्याकडे २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर पोचले, तेव्हा जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांविषयी अशीच काळजी होती.

खरी अडचण मात्र हिशेबाची. यादवी युद्धात दारूवर बसलेला कर कारखान्यांच्या अल्कोहोललाही लागू होता. १९०६च्या कायद्याने तो उठला, तोवर टेक्सासात तेल उसळू लागले होते. त्या भावात अल्कोहोलसाठी कर्ज मागायला कोणी आला असता, तर बँकेतल्या माझ्या खुर्चीतून मीही अर्ज परत केला असता. गंमत म्हणजे फोर्ड कट्टर दारूबंदीवाला. त्याला हवी होती ती दारू मोटारीसाठी. हाच माणूस आपल्या वृत्तपत्रातून ज्यूंविरुद्ध विष ओकत होता, हेही विसरता येत नाही.

मंदीत धान्य मातीमोल झाले, तेव्हा १९३५ मध्ये त्याच्या डिअरबॉर्न गावी शेतकरी, शास्त्रज्ञ आणि कारखानदार एकत्र आले. पुढच्या वर्षी कॅन्ससमधल्या ॲचिसनला धान्यापासून इंधन करणारा कारखाना सुरू झाला. पेट्रोलच्या भावापुढे तो फार काळ टिकला नाही.