मैदानात बरोबरी, मंडपात पंगतभेद

शिरूर आणि दौंड तालुक्यांत गावोगावी क्रिकेटचे नि कबड्डीचे संघ आहेत. वर्गणी, मैदान, चषक यांची त्यांच्या बैठकींत पुष्कळ चर्चा होते. संघात कोणाला घ्यावयाचे आणि सामना संपल्यावर कोणाच्या पंगतीला बसावयाचे, हे दोन प्रश्न मात्र आपण निरनिराळे मानतो. ही फारकत जुनी आहे. तिचा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे याच पुणे जिल्ह्यात क्रिकेट शिकलेले पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म 1876 चा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यातील पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्या-लोटण्याचे काम त्यांना मिळाले, दरमहा तीन रुपयांवर. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात वेतन चार रुपये झाले. तेथे जे. जी. ग्रेग यांच्यासारख्या फलंदाजांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकणे हे त्यांचे काम. बॅट हाती घेण्याची संधी कोणी देत नसे. डावखुऱ्या फिरकीची ती असामान्य हुकमत या मोलमजुरीतून आली. मालकाने सरावाचे दाम मोजले, कौशल्य मात्र मजुराच्या हाती राहिले. अर्थशास्त्रात अशी उदाहरणे थोडीच सापडतील!

गोऱ्यांना हरवावयाचे तर हा गोलंदाज हवा, हे पुण्याच्या हिंदू क्लबाने ओळखले आणि वादावादीनंतर त्यांना संघात घेतले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू झेलीत. चहाच्या वेळी मात्र इतरांना चिनी मातीचे कप आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीचे भांडे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. गरजेपुरती सुधारणा म्हणतात ती हीच.

प्लेगच्या सुमारास ते मुंबईस गेले. तेथील हिंदू जिमखान्यातही प्रारंभी कुरकुर झालीच. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना हरविले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे रीतसर कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. 1920 मध्ये नेतृत्वाच्या निवडीत डावलल्यामुळे धाकटे बंधू शिवराम व विठ्ठल संघाबाहेर पडले. या निषेधाचा परिणाम झाला. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली.

बाळू पुढे राजकारणात आले. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ज्यांनी बाळूंचा पूर्वी गौरव केला होता, त्यांच्याशीच हा सामना. येथेही बाळूंच्या नावाची कोणाला तरी गरज होती, असे म्हणावयास जागा आहे. ते थोडक्या मतांनी पराभूत झाले आणि 1955 साली मुंबईत निवर्तले.