कप्तान जोशुआ स्लोकम व त्यांचें तरतें घर

आमच्या वाशीम जिल्ह्याच्या कोणत्याही सीमेस समुद्र लागत नाहीं. पद्मतीर्थाचें संथ पाणी आणि पावसाळ्यांत दुथडी भरून वाहणारी पैनगंगा, एवढाच आमच्यापैकीं पुष्कळांचा पाण्याशीं परिचय. तथापि शिडाच्या लहानशा नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले पुरुष, कप्तान जोशुआ स्लोकम, यांचें चरित्र आम्हां भूमिवासीयांसही बोधप्रद आहे. त्या प्रदक्षिणेमुळें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. परंतु तत्पूर्वीं पत्नी व मुलें यांसह त्यांनीं समुद्रावर जो संसार केला, त्याची वार्ता थोड्यांस ठाऊक आहे. तीच येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्लोकम यांचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजीं, हल्लींच्या कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत झाला. वडील कोळ्यांकरितां बूट शिवीत, व मुलानेंही तोच धंदा पत्करावा असा त्यांचा आग्रह असे. मुलाचें चित्त मात्र समुद्रावर. एकदां तळघरांत बसून त्यानें लांकडाचें चिमुकलें गलबत कोरिलें. तें वडिलांनीं रागाच्या भरांत फोडून टाकिलें. पुढें आई निवर्तल्यावर सोळाव्या वर्षीं त्यानें घर कायमचें सोडिलें, आणि साधा खलाशी म्हणून आरंभ करून पंचविसाव्या वर्षाच्या सुमारास कप्तानाची पदवी मिळविली.

१८७१ सालीं सिडनी येथें व्हर्जिनिया वॉकर या तरुणीशीं त्यांचा विवाह झाला. आमच्याकडे नवी सून उंबरठ्यावरचें माप ओलांडून सासरीं येते. या नववधूचें सासर म्हणजे जहाजच होतें! त्याच वर्षीं अलास्काच्या किनाऱ्यावर नांगर सरकून त्यांचें जहाज फुटलें. तरी कप्तानांनीं माणसें व पकडलेली मासळी दोन्ही सुखरूप आणिलीं. या दांपत्यास सात अपत्यें झालीं, तीं सर्व समुद्रावर किंवा परक्या बंदरांत. त्यांपैकीं चारच जगलीं. आई तीं मुलें जहाजावरच शिकवी. त्यांचें अंगण, शाळा व गांव सर्व तें एक जहाजच होतें. १८८४ च्या जुलैंत ब्वेनोस आयरेस बंदराजवळ, ॲक्विडनेक नांवाच्या त्यांच्या गलबतावरच, व्हर्जिनियाबाईंनीं देह ठेविला. त्यांचें वय पस्तिशीच्या आंतच होतें.

१८८६ सालीं कप्तानांनीं हेन्रिएटा एलियट यांच्याशीं दुसरा विवाह केला, व व्हिक्टर आणि गारफील्ड या दोन मुलांसह चौघें पुन्हां निघालीं. आतां संकटांची मालिकाच सुरू झाली. वादळ, बंदरांत प्रवेशबंदी, खलाशांत देवीची सांथ, बंडाळी; आणि १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या परानाग्वा उपसागरांत ॲक्विडनेक वाळूंत रुतून नष्ट झालें.

परमुलखांत पदरीं पैसा नाहीं, घर बुडालें. दुसरा कोणी हताश झाला असता. स्लोकम यांनीं मात्र करवत हातीं घेतली. मोडक्या गलबताचीं लांकडें व रानांतील झाडें यांपासून पस्तीस फूट लांबीची नौका त्यांनीं बांधिली. जुन्या गलबताच्या तांब्याच्या पत्र्यांचे खिळे झाले. व्हिक्टर बापाच्या हाताखालीं सुतार झाला, आणि शिडें हेन्रिएटाबाईंनीं स्वतः शिवलीं. १३ मे १८८८ रोजीं, ज्या दिवशीं ब्राझीलमधील गुलाम मुक्त झाले त्याच दिवशीं, नौका पाण्यांत लोटली. म्हणून तिचें नांव लिबेर्दादे, म्हणजे स्वातंत्र्य, असें ठेविलें.

२४ जून रोजीं तीं निघालीं. लवकरच वादळानें शिडांच्या चिंध्या केल्या. सांतुस बंदरांतून रिओपर्यंत एका आगबोटीनें दोर लावून नौका ओढून नेली. पुढें एका देवमाशानें तिला खालून धक्का दिला. पण ती टिकली, आणि सुमारें ५,५०० मैल चालून ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना प्रांतास लागली. मात्र त्यानंतर हेन्रिएटाबाईंनीं पुन्हां समुद्रयात्रेचें नांव काढिलें नाहीं. त्यांस कोण दोष देईल?

पुढें १८९२ सालीं स्लोकम यांस स्प्रे नांवाची शेतांत सडत पडलेली नौका कोणीं देऊं केली. तेरा महिने खपून व ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून त्यांनीं ती नवी केली. २४ एप्रिल १८९५ रोजीं बॉस्टन सोडून, सुमारें ४६,००० मैल फिरून, २७ जून १८९८ रोजीं ते एकटेच परत आले. १९०९ सालीं त्याच नौकेंतून गेले, ते परतले नाहींत.

आपल्या देशांतही गोव्यांत बांधलेल्या म्हादेई नौकेंतून नौदलाचे दिलीप दोंदे यांनीं २००९–१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा पराक्रमांचा आम्हांस अभिमान वाटतो. तथापि विद्यार्थिमित्रहो, स्लोकम यांची कीर्ति गातांना त्या दोन स्त्रिया व तीं मुलें विसरूं नयेत. कप्तानांनीं फुटलेली नौका पुन्हां पुन्हां सांधिली, हें खरें. पण व्हर्जिनियाबाई व तीं तीन बालकें यांची उणीव कोणत्याही सुतारकामानें भरून आली नाहीं. आमच्या घरांतूनही एकाच्या यशासाठीं कोणीतरी रात्रीं जागत असतें. पदक घेऊन घरीं जाल तेव्हां प्रथम त्या माणसास वंदन करा.