मते मागून झालेल्या न्यायाधीश

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहायचेच, असा निरोप ग्रुपवर आला. गॅदरिंग, सहल आणि छडीच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. मी मात्र नागरिकशास्त्राच्या तासापासून सुरुवात करून जरा लांब जाणार आहे. आमदार-खासदार आपण निवडून देतो, न्यायाधीश नेमले जातात, हे बाईंनी आपल्याकडून पक्के पाठ करून घेतले होते, आठवते? कामानिमित्त काही महिने अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडला होते. तिथे निवडणुकीच्या दिवसांत घरांपुढच्या हिरवळीवर न्यायाधीशपदाच्या उमेदवारांच्या पाट्या पाहिल्या आणि मला पहिल्यांदा बाईच आठवल्या. तिथे खालच्या कोर्टाचे न्यायाधीशही जनता मत देऊन निवडते. त्याची चौकशी करता करता फ्लॉरेन्स ॲलन यांच्या चरित्रापर्यंत पोहोचले. गावच्या कोर्टाच्या निवडणुकीत जिंकलेल्या त्या अमेरिकेतल्या पहिल्या महिला न्यायाधीशांपैकी होत्या, आणि साऱ्या देशात त्यांचे नाव झाले.

ॲलनबाईंचा जन्म २३ मार्च १८८४ चा, यूटामधल्या सॉल्ट लेक सिटीचा. वडील आधी शिक्षक, मग खाणीच्या कारभारात आणि यूटा राज्य झाल्यावर तिथले पहिले खासदार. मुलीला वकील व्हायचे नव्हते, तिला पियानो वाजवायचा होता. १९०४ मध्ये क्लीव्हलँडच्या कॉलेजातून पदवी घेऊन ती बर्लिनला संगीत शिकायला गेली. तिथे हाताच्या नसेला इजा झाली आणि मैफलींचे स्वप्न संपले. परत येऊन तिने वर्तमानपत्रात संगीतसमीक्षा लिहिली, शाळेत शिकवले, राज्यशास्त्रात एम. ए. केले आणि कायद्याकडे वळली.

ज्या विद्यापीठाने तिला पदव्या दिल्या, त्याच्याच लॉ कॉलेजात मुलींना प्रवेश नव्हता. म्हणून एक वर्ष शिकागोला आणि पुढचे शिक्षण न्यूयॉर्कला घेऊन १९१३ मध्ये तिने कायद्याची पदवी मिळवली. क्लीव्हलँडला परतल्यावर कोणत्याही फर्मने नोकरी दिली नाही. तिने स्वतःचे छोटे ऑफिस थाटले आणि गरिबांचे खटले मोफत चालवणाऱ्या संस्थेसाठी काम केले.

याच काळात स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ तिच्या आयुष्यात आली. ओहायोच्या ८८ काउंट्यांतून, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांतून, तिने सभा घेतल्या. १९१२ आणि १९१४ अशा दोन्ही वेळी ओहायोच्या पुरुष मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. मग ईस्ट क्लीव्हलँड या छोट्या शहराने आपल्या सनदेत स्त्रियांना नगरपालिकेपुरते मत दिले आणि ते वैध आहे, हे ॲलनबाईंनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात लढून सिद्ध केले.

१९२० च्या ऑगस्टमध्ये स्त्रियांना मत देणारी घटनादुरुस्ती देशभर लागू झाली. निवडणूक नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती आणि पक्षांनी उमेदवार आधीच ठरवले होते. तोपर्यंत सहायक सरकारी वकील झालेल्या ॲलनबाईंनी क्लीव्हलँडच्या कॉमन प्लीज कोर्टासाठी, म्हणजे आपल्या जिल्हा व सत्र न्यायालयासारख्या कोर्टासाठी, उभे राहायचे ठरवले. पक्ष नव्हता, पैसा नव्हता. नाव मतपत्रिकेवर यायला नागरिकांच्या सह्यांचा अर्ज लागे. चळवळीतल्या मैत्रिणी दारोदार फिरल्या आणि सह्या जमवल्या. दहा उमेदवारांत सर्वांत जास्त मते ॲलनबाईंना पडली. ज्या बायकांच्या मतासाठी त्या गावोगाव हिंडल्या होत्या, त्यांनी पहिल्याच संधीला ते मत त्यांच्या झोळीत टाकले. नाशिकला जन्मलेल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या आपल्या कॉर्नेलिया सोराबजी तेव्हा अजून वकिलीच्या सनदेची वाट पाहत होत्या, हे लक्षात घेतले की १९२० साल केवढे मोठे होते ते कळते.

निवडून आल्यावर जे घडले, त्यासाठी खरे तर हा लेख लिहिते आहे. कोर्टातल्या पुरुष सहकाऱ्यांनी सुचवले की घटस्फोटाचे सगळे खटले या बाईंकडे द्यावेत. वरवर हा मान होता. ॲलनबाईंनी नकार दिला. आपले लग्न झालेले नाही, तेव्हा संसाराचा अनुभव असलेल्या सहकाऱ्यांनीच ते खटले चालवलेले बरे, असे त्यांनी सांगितले. इतरांच्या वाट्याला येतात तेच, सगळ्या प्रकारचे खटले त्यांना हवे होते.

आणि ते आले. १९२१ मध्ये फ्रँक मोटो याचा खटला त्यांच्यापुढे उभा राहिला. कारखान्याच्या पगाराची रक्कम लुटताना दोन माणसांचा खून झाला होता. ज्यूरीने दयेची शिफारस न करता दोषी ठरवले, तर त्या काळच्या ओहायोत मृत्युदंडाखेरीज दुसरी शिक्षा नव्हती. ॲलनबाईंना धमक्या आल्या. त्यांनी शिक्षा सुनावली आणि ती अमलातही आली. त्याच शहराच्या म्युनिसिपल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश विल्यम मॅकगॅनन यांच्यावर खोट्या साक्षीचा खटला भरला गेला, तोही ॲलनबाईंपुढेच चालला. त्यांना त्यांनी तुरुंगात पाठवले. एका न्यायाधीशाने दुसऱ्याला, तेही आपल्याच गावातल्याला! पुढच्या निवडणुकीत मते लागणार होती, हे विसरू नका.

ती निवडणूक त्यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासाठी लढवली. १९२२ मध्ये त्या जिंकल्या आणि देशातल्या कुठल्याही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर बसणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९२८ मध्ये पुन्हा निवडून आल्या. मध्ये सिनेटसाठी आणि नंतर खासदारकीसाठी प्रयत्न केला, तिथे हरल्या. १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना संघराज्याच्या अपील न्यायालयावर नेमले. टेनेसी खोऱ्यातल्या धरण-वीज योजनेविरुद्ध खासगी वीज कंपन्यांनी दावा लावला, तेव्हा तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाच्या प्रमुख त्याच होत्या. निकाल १९३८ मध्ये योजनेच्या बाजूने लागला. आपले दामोदर खोरे महामंडळ याच योजनेच्या धर्तीवर उभे राहिले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचे नाव अनेकदा घेतले गेले, पण नेमणूक झाली नाही. १२ सप्टेंबर १९६६ रोजी त्या गेल्या.

न्यायाधीशाने मते मागावीत का? मला अजूनही ते पटत नाही. मत देणाऱ्याचाच खटला उद्या समोर आला तर? पण १९२० मध्ये नेमणूक करणारे सगळे पुरुषच होते. त्यांच्या मर्जीवर राहिल्या असत्या तर ॲलनबाईंना किती वाट पाहावी लागली असती, हाही प्रश्न आहेच. बाई, या प्रश्नाला किती गुण द्याल?

एक सांगून थांबते. ऑफिसात दरवर्षी महिला दिनाची समिती माझ्याकडेच यायची आणि मी मान समजून घ्यायचे. गेल्या वर्षी नको म्हटले आणि रात्री सर्व्हर बंद पडला तर निर्णय घेण्याची जबाबदारी मागून घेतली. पहिल्याच महिन्यात रात्री तीनला फोन आला आणि घेतलेला निर्णय चुकला. सकाळी सगळ्यांसमोर तो माझ्या नावावर मांडला गेला. फाशीच्या शिक्षेपुढे हे काहीच नाही, मला ठाऊक आहे. पण त्या सकाळी मला रडू आले नाही. इतर सगळ्यांच्या चुका जिथे मांडल्या जातात, तिथेच माझीही मांडली गेली होती.