केडगावच्या रमाबाई आणि आपला ग्रुप प्रोजेक्ट

प्रत्येक ग्रुप प्रोजेक्टमध्ये एक जण असतोच. सगळं स्वतः करणारा, दुसऱ्याच्या स्लाइड्स रात्री गुपचूप बदलणारा आणि वर कोणी मदत करत नाही म्हणून चिडणारा. आमच्या ग्रुपमध्ये ती मी होते. माझं काम चांगलं असतं, पण माझ्यासोबत काम करणं अवघड जातं, हे एका मैत्रिणीनं शेवटी तोंडावर सांगितलं. जाम राग आला. तो उतरला पंडिता रमाबाईंबद्दल वाचताना.

पुणे-दौंड अपडाऊन करणाऱ्यांना केडगाव स्टेशन पाठ असतं. शिरूरकडून यायचं तर न्हावरामार्गे चौफुला आणि तिथून जवळच केडगाव. दौंड तालुक्यातल्या याच गावात रमाबाईंनी उभं केलेलं 'मुक्ती' आहे.

एकटीचा प्रवास

रमाबाई डोंगरे यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. आईनं त्यांना संस्कृत शिकवलं. पुराण सांगत हे कुटुंब देशभर फिरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले. रमाबाई भावासोबत पायी फिरत राहिल्या. १८७८ मध्ये कलकत्त्यात विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला, १८८२ मध्ये पतीही गेले. पदरात लहानगी मनोरमा आणि वय अवघं २३.

इतक्या लहान वयात सगळे आधार गेल्यावर माणूस एक गोष्ट पक्की शिकतो, आपले निर्णय आपणच घ्यायचे. ही रमाबाईंची सगळ्यात मोठी ताकद झाली. पुढे तीच अडचणीचीही ठरली.

नको तिथे हट्ट नाही

पुण्यात आर्य महिला समाज सुरू करून १८८३ मध्ये त्या डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते शिक्षण शक्य नव्हतं. त्यांनी ते मान्य केलं आणि शिक्षणाचा रस्ता धरला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात इंग्रजी शिकता शिकता संस्कृत शिकवलं. पुढे अमेरिकेत बालवाडीची पद्धत शिकल्या. आपल्याला काय जमणार नाही, हे त्यांनी वेळेत ओळखलं.

इंग्लंडमध्येच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण तिथल्या धर्मगुरूंचं सगळं मुकाट ऐकलं असं नाही. त्यांच्याशीही वाद घातलेच.

टीम फुटली

बोस्टनच्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं मदत करायचं ठरवलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर. यापेक्षा भारी टीम कुठे मिळणार?

पण ठिणगी पडली. संस्थेत धर्माची शिकवण नको, ही सल्लागारांची अट. रमाबाईंचं म्हणणं, सक्ती कुणावर नाही, पण मी प्रार्थना करताना दार लावून घेणार नाही. मुली येऊन बसल्या तर हाकलणार नाही. 'केसरी'नं टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. चूक कुणाची, यावर आजही दोन मतं आहेत. पण ज्यांनी विश्वासानं मुली पाठवल्या त्यांची भीती रमाबाईंनी ओळखायला हवी होती, असं मला वाटतं. त्याच वेळी हेही खरं, की एवढी हट्टी नसती तर ही बाई इथवर पोहोचलीच नसती.

केडगाव

बाहेरची मदत कायम पुरणार नाही, म्हणून त्यांनी केडगावला शेतजमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेग, तिथे ठेवायला परवानगी मिळेना. मग मुक्काम केडगावच्या माळावर. १९०० च्या दुष्काळानंतर संख्या हजाराच्या पुढे गेली.

एवढा पसारा एकटीनं सांभाळणं अशक्य होतं. इथे कामं वाटली गेली. शेती, गाईगुरं, विणकाम, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल. १८९८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या तेव्हाही मागे सुंदराबाई पवार, मिनी अब्राम्स यांच्या भरवशावर काम चालू राहिलं. पुढे मनोरमाबाईंनी शाळा सांभाळली. रमाबाई स्वतः हिब्रू, ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या आणि त्याची छपाई आश्रमातल्या बायकांनी केली. एकटीनं करायचं काम त्यांनी एकटीनं केलं, बाकीचं दुसऱ्यांच्या हातात दिलं.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच रमाबाई गेल्या. संस्था मात्र आजही सुरू आहे.

त्यांचा हट्ट शेवटपर्यंत गेला नाही, पण सोबत इतरांवर भरवसा टाकणं आलं. पुढच्या प्रोजेक्टला मी फक्त स्क्रिप्ट घेतली. मैत्रिणीच्या स्लाइडमधला एक फॉन्ट मला अजिबात आवडला नव्हता. हात शिवशिवले, पण बदलला नाही. तुमच्या ग्रुपमध्ये 'तो एक जण' कोण आहे? नाव पटकन सुचत नसेल, तर एकदा आरशात बघा.